एक चित्र आणि अनेक झरोके

संकेतस्थळाच्या पानावर घर, पाकीट, दूरध्वनि, भिंग अशीं बारीक बारीक चिन्हें असतात. त्यांवर बोट ठेवून आपण पुढें जातों. त्यांच्याकडे पाहत कोणी बसत नाहीं. हीं चिन्हें पानावर कशीं येतात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान खरा. पण हल्लीं पुष्कळ घरांतून एखादा मुलगा अथवा मुलगी संकेतस्थळें रचण्याची कला शिकत असते, आणि ह्या पायरीवर तीं मुलें हटकून अडखळतात. त्यांना रीत सांगितलेली असते, कारण सांगितलेलें नसतें. मग एका आंकड्यामागें उणें चिन्ह कां लावावयाचें हें न कळतां तीं तें लावीत राहतात, आणि चिन्ह चुकीच्या जागीं दिसलें कीं आंकडे अंदाजानें कमीजास्त करीत बसतात.

पानावर वीस चिन्हें दिसत असलीं, तर तीं वीस चित्रें असतील असें आपण सहज समजूं. पुष्कळदां तसें नसतें. वीसही चिन्हें एकाच मोठ्या चित्रावर ओळीनें काढलेलीं असतात. तें एकच चित्र सर्व्हरकडून येतें, आणि पानावर जेथें जेथें चिन्ह हवें तेथें तेथें एक लहानसा झरोका ठेवून त्यांतून त्या चित्राचा हवा तेवढाच तुकडा दाखविला जातो. ह्या युक्तीला सीएसएस स्प्राइट असें म्हणतात. सीएसएस ही पानाचें रूप ठरविणारी भाषा होय. अक्षर केवढें, रंग कोणता, समास किती, हें सर्व तींत लिहितात. नॉर्वेचे हाकोन व्हियुम ली यांनीं १९९४ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत असतांना तिची कल्पना मांडली, आणि १९९६ च्या डिसेंबरांत तिचें पहिलें अधिकृत प्रमाण प्रसिद्ध झालें.

स्प्राइट हा शब्द मोठा गमतीचा आहे. इंग्रजी लोककथांतील चपळ, खोडकर यक्षाला हें नांव असतें. संगणकांत तो खेळांच्या वाटेनें आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनें १९७९ च्या सुमारास घरगुती संगणकासाठीं चित्रें दाखविणारी एक चिप काढली. पार्श्वभूमीला धक्का न लावतां पडद्यावर इकडून तिकडे फिरणाऱ्या लहान आकृतींची तींत सोय होती, आणि जमिनीला पाय न लावतां हिंडणाऱ्या त्या आकृतींना स्प्राइट म्हणत. पुढें खेळ रचणारे लोक एका नायकाच्या धावण्याच्या, उडी मारण्याच्या सर्व मुद्रा एकाच चित्रावर रांगेनें मांडून ठेवूं लागले. वेबच्या लोकांनीं ही मांडणी उचलली. फिरणारी आकृति मागेंच राहिली, नांव तेवढें पुढें आलें. आपण सोयीसाठीं ह्या एकत्र चित्राला चित्रपट्टी म्हणूं.

आतां ही उठाठेव कशासाठीं, तें पाहूं. आपण एखादें पान उघडतों तेव्हां सर्वांआधीं त्याचा मजकूर येतो. ह्या मजकुरांत व त्याच्या सीएसएसमध्यें कोणकोणतीं चित्रें हवींत त्यांचीं नांवें असतात. तीं वाचून ब्राउझर प्रत्येक चित्राची निराळी मागणी सर्व्हरकडे पाठवितो, आणि प्रत्येकीचें निराळें उत्तर येतें. चित्र मोठें असो वा नखाएवढें असो, फेरी पुरी करावी लागतेच. घरांतील गृहिणीला हें सांगावयास नको. फोडणीचें तेल तापलें असतां मोहरीसाठीं एकदां कोठीघरांत, हळदीसाठीं पुन्हां एकदां, हिंगासाठीं तिसऱ्यांदा अशा खेपा घालूं लागल्यास तेल जळून जाईल. म्हणून चुलीजवळ मिसळणाचा डबा असतो. सात वाट्या, पण उचलावयाची वस्तु एक. चिमूटभर हळदीला वजन तें काय असणार? वेळ जातो तो चालण्यांत.

हें चालणें केवढें आहे याचा हिशेब शाळकरी मुलालाही करतां येईल. समजा, सर्व्हर न्यूयॉर्कला आहे आणि पान पाहणारा मुंबईला. सरळ रेषेनें हें अंतर सुमारें १२,५०० किलोमीटर भरतें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश एका सेकंदांत सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जाण्यास सेकंदाचा सोळावा भाग, आणि उत्तर येण्यास तेवढाच. एकूण फेरीला सेकंदाचा आठवा भाग. प्रत्यक्षांत समुद्रांतील तार सरळ रेषेनें जात नाहीं, वाटेंत ठिकठिकाणीं थांबे असतात. तेव्हां हा आंकडा कमींत कमी धरावा. आणि येथें लक्ष्यांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, अधिक पैसे भरून अधिक वेगाची जोडणी घेतली, तरी हा आठवा भाग कमी होत नाहीं. जोडणी रुंद होते, वाट आंखूड होत नाहीं. सर्व्हर जवळ आणणें हाच त्यावर उपाय, आणि आज मोठीं संकेतस्थळें आपल्या पानांच्या प्रती देशोदेशीं ठेवतात त्या ह्याच कारणासाठीं.

आतां दुसरी अडचण. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनीं एकमेकांशीं बोलतात त्यांना एचटीटीपी म्हणतात. ह्या नियमांच्या १.१ या आवृत्तीचा जो मजकूर १९९९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असें म्हटलें होतें कीं, एका वापरणाऱ्यानें एका सर्व्हरशीं एका वेळीं दोनांहून अधिक जोडण्या ठेवूं नयेत. सर्व्हरवर गर्दी होऊं नये हा हेतु. आणि तो त्या काळीं योग्यच होता. पण जोडणीवर एक मागणी गेली कीं तिचें उत्तर येईपर्यंत दुसरी सहसा पाठवितां येत नसे. मग २४ चिन्हांचें पान असलें तर दोन दोन करून १२ फेऱ्या झाल्या. बारा वेळां सेकंदाचा आठवा भाग, म्हणजे दीड सेकंद. आणि हा सारा काळ नुसत्या येण्याजाण्यांत गेला. तींच २४ चिन्हें एका पट्टीवर असतीं, तर फेरी एक. पुढें ब्राउझर दोनांच्या जागीं साधारण सहा जोडण्या ठेवूं लागले. तरी चार फेऱ्या राहिल्याच. शिवाय प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझरचें नांव, भाषा, कुकी वगैरे ओळखीचा मजकूर जातो. चिन्ह चारशें बाइटांचें आणि त्याच्या मागणीचा कागद त्याहून मोठा, असा प्रकार पुष्कळ वेळां होत असे.

असें असूनही ह्या युक्तीची प्रसिद्धि झाली ती निराळ्याच निमित्तानें. बटणावर माऊसचा बाण आणला कीं बटणाचा रंग पालटावा, अशी पानांची तऱ्हा त्या काळीं फार होती. पालटलेल्या रंगाचें चित्र निराळें असे, आणि बाण आल्यावरच त्याची मागणी जाई. त्यामुळें क्षणभर बटणाची जागा रिकामी होऊन तें लुकलुकल्यासारखें दिसे. कॅनडांतील रचनाकार डेव्ह शे यांनीं २००४ च्या मार्च महिन्यांत ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकांत एक लेख लिहून ह्या युक्तीचें सविस्तर विवेचन केलें. साधें आणि पालटलेलें अशीं दोन्ही रूपें एकाच चित्रावर. बाण आला कीं चित्र नुसतें सरकवावयाचें. आणावयाचें कांहींच नाहीं, म्हणून लुकलुकही नाहीं. मौज अशी कीं, ज्या गुणानें हें साधतें तो बॅकग्राउंड-पोझिशन नांवाचा गुण १९९६ च्या पहिल्या प्रमाणांतच होता. सामान घरांत पडून होतें. पदार्थ सुचावयास सात वर्षें लागलीं. पुढें २००७ सालीं स्टीव्ह साउडर्स यांनीं पानांच्या वेगाविषयीं जें पुस्तक लिहिलें, त्यांतील पहिला नियम मागण्या कमी करण्याचाच होता, आणि त्यासाठीं सांगितलेल्या उपायांत ही युक्ति होती. तेथून ती सर्वत्र पसरली.

आतां प्रत्यक्ष कृति. आकाशवाणीवरून आकृति काढून दाखवितां येत नाहीं, तेव्हां आपल्या मनगटावरच्या घड्याळाचा आधार घेऊं. तारीख दाखविणारें कांट्याचें घड्याळ असेल तर त्याच्या तबकडींत एक लहान खिडकी असते. आंत एका चकतीवर १ पासून ३१ पर्यंत आंकडे छापलेले असतात. खिडकी हलत नाहीं, चकती फिरते. एकतिसांपैकीं तीस आंकडे असतातच, पण झांकलेले. ब्राउझरमधील झरोका असाच जागच्या जागीं असतो व त्याच्यामागें चित्रपट्टी सरकते. ह्या एका वाक्यांत सर्व गूढ उकललें आहे.

तरी कागदावर करून पाहिलें तर अधिक बरें. एक पुठ्ठा घेऊन त्यांत चौकोनी खिडकी कापावी. खिडकीच्याच रुंदीचीं चार घरें एका कागदी पट्टीवर आंखून त्यांत अ, ब, क, ड अशीं अक्षरें लिहावीं. पट्टी पुठ्ठ्याखालीं घालून तिची डावी कड खिडकीच्या डाव्या कडेशीं जुळवावी. अ दिसेल. ही शून्याची स्थिति. आतां ब दिसावयास हवा असेल तर पट्टी कोणीकडे ओढावी लागते? डावीकडे, एक घर. ब उजवीकडे आहे म्हणून आंकडा धन असावा, असें मन सांगत असतें. पण आपण ब कडे जात नसून ब ला आपल्याकडे आणतों, आणि आणण्याची दिशा डावी. संख्यारेषेवर डावीकडची बाजू ऋण. चिन्ह ३२ पिक्सेल रुंद असेल तर ब साठीं उणें ३२, क साठीं उणें ६४, ड साठीं उणें ९६. उणें चिन्ह तें हें. ज्या मुलानें पट्टी एकदां हातानें ओढली, तो पुन्हां अंदाज करीत बसत नाहीं.

उभ्या दिशेंत आणखी एक खोंच आहे. शाळेंतल्या आलेखाच्या कागदावर वर जाणें धन असतें; पडद्यावर मोजणी वरच्या कडेपासून खालीं होते, म्हणून तेथें खालीं जाणें धन. बाण आल्यावर दिसावयाचीं पालटलेलीं रूपें आपण खालच्या ओळींत काढलीं, म्हणजे पट्टी १२८ पिक्सेल रुंद व ६४ पिक्सेल उंच झाली, तर खालची ओळ झरोक्यांत आणण्यास पट्टी वर उचलावी लागेल. वर म्हणजे ऋण. तेव्हां पालटलेल्या ब साठीं आडवा आंकडा उणें ३२ आणि उभा आंकडाही उणें ३२.

लिहितांना झरोक्याला रुंदी ३२ व उंची ३२ द्यावी, बॅकग्राउंड-इमेज या गुणापुढें पट्टीचें नांव द्यावें, आणि बॅकग्राउंड-पोझिशनपुढें वरील आंकडे. एवढें करूनही कांहींच दिसत नाहीं अशी तक्रार नवशिके करतात. बहुधा त्यांनीं झरोका ओळींतल्या शब्दासारखा मांडलेला असतो, आणि तशा घटकाला रुंदी-उंची लागू पडत नाहीं. डिस्प्ले या गुणाला इनलाइन-ब्लॉक असें मूल्य दिलें कीं तो चौकट धरतो. दुसरें असें कीं, बॅकग्राउंड-रिपीट बंद करण्यास विसरूं नये. पट्टी आपोआप पुन्हां पुन्हां मांडली जाते. त्यामुळें आंकडा चुकून पट्टीबाहेर गेला तरी कोणतें तरी चिन्ह दिसतच राहतें, आणि चूक लपते. रिकामा झरोका दिसलेला बरा. तिसरी गोष्ट, बाण आल्यावरच्या नियमांत नुसता बॅकग्राउंड हा सामासिक गुण लिहूं नये. तो लिहिला कीं पोझिशन मुकाट्यानें शून्यावर जाते, व सर्व बटणांवर पहिलेंच चिन्ह उमटतें.

टक्क्यांचें गणित मुलांना फार चकवितें. चार चिन्हांच्या पट्टींत दुसऱ्यासाठीं २५ टक्के असावेत असें वाटतें. येतात ३३ पूर्णांक एकतृतीयांश. कारण असें कीं, टक्के मोजतांना ब्राउझर पट्टीची डावी कड पाहत नाहीं. शंभर टक्के म्हणजे पट्टीची उजवी कड झरोक्याच्या उजव्या कडेला लागणें, अर्थात् ड दिसणें. अ शून्यावर आणि ड शंभरावर. मध्यें सरकण्याचे टप्पे तीनच. चार खांबांत गाळे किती, हें उदाहरण ज्यांनीं पाटीवर सोडविलें आहे त्यांना हें नवें नाहीं. पिक्सेल वापरावेत हें माझें मत, पण दुसऱ्यानें रचलेलें पान दुरुस्त करतांना टक्के भेटतात.

पट्टी काढतांनाची सावधगिरी थोडक्यांत सांगतों. चिन्हाचिन्हांत एकदोन पिक्सेल पारदर्शक जागा सोडावी, आणि ती आंकड्यांत धरावी. नाहीं तर पान मोठें करून पाहतांना शेजारच्या चिन्हाची कड झरोक्यांत डोकावते. नवें चिन्ह नेहमीं शेवटीं जोडावें. मध्यें घुसडलें तर पुढचे सर्व आंकडे बदलावे लागतात. दाट पिक्सेलांच्या पडद्यासाठीं पट्टी दुप्पट मापाची काढावी व बॅकग्राउंड-साइज मूळ मापाचा ठेवावा, म्हणजे आंकडे तेच राहून चिन्ह रेखीव दिसतें. आणि पट्टी अफाट करूं नये. फाइल लहान दिसली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला साधारणतः चार बाइट स्मृति लागते. हजार पिक्सेल रुंद व हजार उंच पट्टी चाळीस लक्ष बाइट व्यापते, मग तींतील अर्धी जागा कोरी कां असेना. साध्या मोबाइलवर ही उधळपट्टी जाणवते.

ह्या सर्वांपेक्षां एका गोष्टीवर मला अधिक बोलावयाचें आहे. झरोक्यांत दिसणारें चित्र हें पार्श्वभूमीचें चित्र असतें, आणि ब्राउझरच्या लेखीं पार्श्वभूमि म्हणजे शोभा. दृष्टिहीन वाचक पानावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारें साधन वापरतात. तें साधन शोभेची दखल घेत नाहीं. साध्या चित्राला पर्यायी शब्द जोडण्याची सोय असते, ती येथें नाहीं. तेव्हां पाकिटाचें चिन्ह असलेला दुवा डोळस माणसाला ‘पत्र पाठवा’ असें सांगतो, आणि अंध माणसाला कांहींच सांगत नाहीं, किंवा नुसतें ‘दुवा’ एवढेंच म्हणतो. अशा पांच दुव्यांची रांग म्हणजे पाट्या पुसलेल्या पांच दारांसारखी. बँकेच्या अथवा इस्पितळाच्या पानावर हें घडलें तर तें अडवणुकीसारखेंच म्हटलें पाहिजे. उपाय अगदीं सोपा आहे. दुव्यांत खरे शब्द लिहावे आणि ते दृष्टीआड करावे. पूर्वीं त्यासाठीं शब्द डावीकडे हजारों पिक्सेल ढकलून देत, आज एरिया-लेबल या गुणांत नांव लिहिलें तरी चालतें. सर्वांत उत्तम म्हणजे चिन्हाशेजारीं शब्द दिसूंच द्यावा. ‘पत्र’ ह्या दोन अक्षरांनीं कोणतें पान कुरूप झालें आहे? कागदावर छापतांनाही हाच प्रश्न येतो, कारण ब्राउझर पार्श्वभूमीचीं चित्रें सहसा छापीत नाहीं, आणि चिन्हांच्या जागीं कोरे चौकोन उरतात.

ही युक्ति आज शिकवावी कीं नाहीं, असा वाद शिकविणाऱ्यांत आहे, आणि त्याला कारणही तसेंच आहे. २०१५ च्या मे महिन्यांत एचटीटीपीची दुसरी आवृत्ति प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यापूर्वीं गूगलनें २००९ पासून स्पीडी या नांवानें तसाच प्रयोग चालविला होता. ह्या आवृत्तींत एकाच जोडणीवर पुष्कळ मागण्या एकमेकींत गुंफून पाठवितां येतात. पहिलीचें उत्तर येईपर्यंत दुसरीनें ताटकळावें लागत नाहीं. म्हणजे आपल्या उदाहरणांतील २४ मागण्या एकदमच निघतात आणि त्या दीड सेकंदाचा मोठा भाग नाहींसा होतो. २०२२ च्या जूनमध्यें तिसरी आवृत्तिही प्रमाण झाली. इकडे २००१ पासून प्रमाण असलेलें एसव्हीजी हें रेषांनीं लिहिलेलें चित्र सर्व ब्राउझरांत उतरलें. तें कितीही मोठें केलें तरी फाटत नाहीं, आणि त्याचा रंग सीएसएसनें पालटतां येतो. मग पट्टीचे तोटे ठळक दिसूं लागले. एक चिन्ह बदललें कीं संपूर्ण पट्टी नवी आणावी लागते. पान वापरतें तीन चिन्हें, आणतें साठ.

माझें मत असें कीं, नव्या पानावर चार-दोन चिन्हांसाठीं पट्टी करूं नये. पण मुलांनीं ती शिकावी. कारण जुनीं पानें आज ना उद्यां त्यांच्या हातीं दुरुस्तीस येणारच. आणि जेथें पुष्कळ लहान चित्रें नेहमीं एकत्रच लागतात तेथें पट्टीला अद्याप तोड नाहीं. यूट्यूबवर चित्रफितीच्या खालच्या रेषेवरून बाण फिरविला असतां पुढच्या-मागच्या प्रसंगांचीं जीं इवलीशीं चित्रें दिसतात, तीं अशाच एका चित्रावर घरें पाडून मांडलेलीं असतात. ट्विटरनें २०१५ च्या नोव्हेंबरांत ताऱ्याऐवजीं हृदयाचें चिन्ह आणलें, तें फुलतांना दिसे तेंही एका लांब पट्टीवरील चित्रें झरोक्यामागून झटक्या-झटक्यानें सरकवून. त्यासाठीं सीएसएसमध्यें स्टेप्स नांवाची सोय आहे. पट्टी घसरत न जातां एक एक घर उडी मारीत जाते, अगदीं मध्यरात्रीं सरकणाऱ्या तारखेच्या चकतीसारखी.

ज्यांच्याकडे जुनें पान आहे आणि त्यावरील पट्टी ठेवावी कीं मोडावी असा प्रश्न आहे, त्यांनीं तर्क करीत बसूं नये. संगणकावर ब्राउझरमध्यें एफ १२ ही कळ दाबली असतां बहुतेक ठिकाणीं तपासणीचें दालन उघडतें. त्यांतील नेटवर्क या विभागांत जाऊन कॅश बंद करण्याच्या चौकोनावर खूण करावी व पान पुन्हां उघडावें. प्रत्येक मागणी एका ओळींत दिसते, आणि तिच्यापुढील पट्ट्यावरून ती किती वेळ ताटकळली तें कळतें. प्रोटोकॉल नांवाचा रकाना उघडून पाहावा. तेथें एच २ किंवा एच ३ लिहिलेलें असेल तर पट्टी मोडण्यास वेगाच्या दृष्टीनें फारशी हरकत नाहीं. एचटीटीपी १.१ लिहिलेलें असेल, तर चिन्हांना हात लावण्यापूर्वीं सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना गांठावें आणि दुसरी आवृत्ति अद्याप कां चालू केली नाहीं हें विचारावें.